तळाशी सापडलेले दगड

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा तू विचारलंस, बुडालेल्या जहाजात एवढं काय बघायचंय? फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, माद्राग द जियें इथे, सुमारे 20 मीटर पाण्याखाली एक रोमन मालवाहू जहाज आहे. इ.स.पू. 75 ते 60 च्या दरम्यान बुडालेलं. 1967 मध्ये ते सापडलं आणि 1972 पासून दहा वर्षं आंद्रे चेर्निया, पात्रिस पोमे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं. लांबी साधारण 40 मीटर, पोटात 400 टनांच्या आसपास माल. त्यात इटलीची वाइन भरलेले सहा ते आठ हजार अँफोरा, म्हणजे दोन कानांचे, टोकदार बुडाचे उंच रांजण. भरलेला एकेक 50 किलोचा! ते तीन थरांत रचलेले होते आणि फुटू नयेत म्हणून फटींत झुडपांच्या काटक्या नि लव्हाळी कोंबली होती. तू बरण्यांच्या मध्ये पेंढा भरायचीस ना, अगदी तसं.

पण या रचलेल्या मालाच्या मधोमध मोठा खड्डा होता. तिथले रांजण गायब, आणि त्यांच्या जागी मोठमोठे दगड. ते ना जहाजाचे, ना त्या तळाचे. जहाज बुडाल्यावर रोमन पाणबुडे माल काढायला उतरले होते. लवकर तळ गाठता यावा म्हणून दगड धरून उडी घ्यायची, दगड तिथेच सोडायचा, रांजणाला दोर बांधायचा आणि वर यायचं. सगळं एका श्वासात! मी चार-पाच मीटर खाली गेले तरी कान ठणकतात. पुढच्या काळातल्या सागरी कायद्यात तर जितकं खोल उतरावं तितका काढलेल्या मालातला पाणबुड्याचा वाटा मोठा ठरवलेला होता. काही रांजणांवर पुब्लियस वेवेयस पापुस या कारखानदाराचा शिक्का अजून वाचता येतो. पाणबुड्यांची नावं मात्र कुठेच नाहीत. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

बाबा, याच सुमाराला रोमन माल आपल्याकडेही येऊ लागला होता. आपल्या कोल्हापुरात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी कांस्यमूर्ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. दोघं मिळून जाऊन बघा, आणि कशी वाटली ते कळवा. आईला पायऱ्यांवर हात द्या.

तुमची,
धाकटी