ट्रेलर पाहून गेम घेऊ नका

महोदय,

सुट्टी लागली की घरोघरी व्हिडिओ गेमची खरेदी होते आणि निवड होते ती ट्रेलरमधली चकचकीत चित्रं पाहून. ट्रेलर बहुधा ताकदवान संगणकावर केलेला असतो. घरचा लॅपटॉप वेगळा.

आधी गेमच्या पानावरची ‘किमान’ नव्हे, ‘शिफारस केलेली’ यंत्रणा वाचा. त्यातही ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या भागाची, मेमरी बघा. कार्ड ४ जीबीचं आणि गेमला ६ जीबी हवी असेल, तर उरलेला भार संगणकाच्या संथ रॅमवर जातो आणि ऐन वळणावर गाडी अडखळते. अशा वेळी गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचे बारकावे) एक पायरी खाली आणा, सावल्या ‘मीडियम’वर ठेवा. चित्र फारसं बिघडत नाही, वेग मात्र सुधारतो. सेकंदाला ६० चौकटी (फ्रेम, पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) म्हणजे प्रत्येकीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद, बटण दाबल्यावर हात आणि पडदा जुळतात ते यामुळे. नेमबाजीच्या किंवा शर्यतीच्या गेममध्ये आम्ही देखणेपणाआधी हेच पाहू.

चकचकीत चित्रांशिवायही गेम रंगतो. २०१६ साली आलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एकट्या माणसाने घडवला. चित्रं ठोकळ्यांची, जागा लागते ५०० एमबी, पण शेतीत माणूस तासन्‌तास रमतो.

स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात कथेत गुंतू नका. गर्दीच्या, धुराच्या प्रसंगात गेम अडकतो का, तेवढं तपासा.

– काही गेमप्रेमी वाचक