डबिंगमधला चेहरा आणि फवारणीचा सल्ला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या हंगामात आमच्या गावच्या समाजमंदिरात कपाशीवरील फवारणीची एक चित्रफीत दाखवण्यात आली. मूळ हिंदीत बोलणाऱ्या तज्ज्ञांना संगणकीय डबिंगने, म्हणजे आवाजाबरोबर ओठांची आणि चेहऱ्याची हालचालही संगणकाने बदलून, मराठी बोलते केले होते. भाषांतर नेटके होते, आवाजही स्वच्छ होता. परंतु विषबाधेची लक्षणे सांगताना त्यांच्या भुवया उंचावत, गाल ताणले जात आणि दात दिसत, त्यामुळे ते हसत हसत बोलत आहेत असेच वाटे. मागे बसलेल्या बायाही हसू लागल्या. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आठवत असल्याने ते हसू माझ्या मनाला फार लागले.

यात त्या तज्ज्ञांचा काही दोष नाही. डबिंगच्या काही सॉफ्टवेअरमध्ये हावभावांची तीव्रता कमी-जास्त करण्याची सोय असते. चेहऱ्याची हालचाल आकड्यांत मांडून तिला या तीव्रतेने गुणले जाते; तीव्रता 1 असेल तर भाव आहे तसा राहतो, 1.5 केली की दीडपट होतो. झाडीपट्टीच्या नाटकात मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत भाव पोहोचवायचे असल्याने नटाला चेहरा मोठा करावाच लागतो, पण मोबाइलच्या वीतभर पडद्यावर तोच चेहरा सोंगासारखा दिसतो.

आमच्या शेतकरी गटासाठी मी अशा चित्रफिती तयार करतो. एकदा तीव्रता निम्म्यावर आणून पाहिली, तेव्हा हसू गेले खरे, पण ओठ मिटेनासे झाले. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय उमटत नाहीत आणि आमच्या कामाचे शब्द नेमके याच वर्णांचे आहेत: पंप, पाणी, मिली, बोंडअळी, फवारणी. कानावर ‘बा’ पडत असताना ओठ ‘गा’ म्हणताना दिसले, तर अनेकांना ‘दा’ ऐकू येते, हे मानसशास्त्रज्ञ मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड यांनी 1976 मध्येच दाखवले आहे. पंख्याच्या घरघरीत बसलेली म्हातारी माणसे तर अर्धे बोलणे ओठांवरूनच समजून घेतात. पंपामागे किती मिली औषध घालायचे, हे त्यांना चुकीचे कळून कसे चालेल?

म्हणून सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, ओठांची हालचाल आणि भुवया-गालांचे भाव यांची तीव्रता वेगवेगळी ठेवता यावी. तोवर शेतीसल्ल्याच्या चित्रफिती बनवणाऱ्यांनी निदान विषबाधेच्या भागात तीव्रता 1 च्या वर नेऊ नये आणि चित्रफीत गावात पाठवण्यापूर्वी तो भाग आवाज बंद करून एकदा पाहावा. बोलणारा माणूस तेव्हा हसताना दिसला, तर ती चित्रफीत पाठवू नये.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. वरोरा, जि. चंद्रपूर