सेनुआच्या कानातले आवाज

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मंदार,

परवा फोनवर तू विचारलंस, इतका गप्प का? मी विषय बदलला. आता लिहितो. त्या आठवड्यात 'हेलब्लेड: सेनुआज सॅक्रिफाइस' हा व्हिडिओ गेम खेळून संपवला होता, आणि मालूआत्या, तिला ऐकू येणारे ते आवाज, डोक्यातून जात नव्हते.

गेम २०१७ चा, केंब्रिजच्या निन्जा थिअरी या गेम कंपनीतल्या वीसेक माणसांनी केलेला. सेनुआ आठव्या शतकाच्या शेवटची, स्कॉटलंडच्या ऑर्क्नी बेटांवरची, पिक्ट या तिथल्या जुन्या जमातीतली योद्धा. समुद्रापलीकडून आलेल्या लुटारूंनी तिच्या प्रियकराला, डिलियनला मारलं. त्याचं शिर कापडात गुंडाळून, कमरेला बांधून ती मृतांच्या राज्यात निघते, त्याचा आत्मा परत मागायला.

हेडफोन लावूनच खेळा, असं गेम सुरुवातीलाच सांगतो. सेनुआच्या डोक्यातले आवाज आपल्या कानात येतात: एक बाई डाव्या कानामागे कुजबुजते, दुसरी उजवीकडे हसते. मागे फिर, हिला जमणार नाही, असं अखंड चालू. दहा मिनिटांत मी हेडफोन काढून ठेवले. आत्याला ते कधीच काढता आले नाहीत रे.

लढाईत मात्र उलटंच. पडद्यावर ना नकाशा, ना जीव किती उरलाय ते दाखवणारी पट्टी. मागून कोणी आलं की तेच आवाज ओरडून सावध करतात. थोड्या वेळात मी त्यांच्यावर विसंबायलाच लागलो. "सगळेच वाईट नसतात," आत्या म्हणायची, आणि आपण दोघं अंगणात तोंड दाबून हसायचो. आठवतंय ना?

बंद दारावरची खूण भोवतालच्या झाडांत, सावल्यांत, मोडक्या तुळयांत शोधायची, जुळली की दार उघडतं. आत्या दूधवाल्याच्या हिशेबात निरोप शोधायची, ते हेच. हे नुसत्या कल्पनेतून आलेलं नाही. पॉल फ्लेचर हे मेंदू आणि मनोविकारांचे प्राध्यापक सल्लागार होते, आणि सायकोसिसमधून, म्हणजे नसलेलं ऐकू येणं, दिसणं, खरं वाटणं अशा आजारातून, स्वतः गेलेली माणसंही बरोबर होती. सेनुआ साकारणारी मेलिना युर्गन्स तर त्या कंपनीतली व्हिडिओ एडिटर. तिला अभिनयासाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मला फार लागली. सेनुआच्या हातावर काळी सड चढत जाते. हरत राहिलात आणि ती डोक्यापर्यंत पोचली, तर आजवरचा सगळा खेळ पुसला जाईल, अशी ताकीद गेम देतो. मी प्रत्येक लढाई जीव मुठीत धरून खेळलो. नंतर कळलं, तसं काही होतच नाही. ही फसवणूक म्हणून काही जण चिडले. मला ती गेममधली सगळ्यात खरी जागा वाटते. आत्याने कितीतरी दिवस नळाचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. पाण्यात विष नव्हतं, पण तिचे ओठ फुटले होते.

एक खटकलं. हा गेम पाहून आजारी माणूस म्हणजे हातात तलवार, असं कोणाला वाटू नये. आत्याने कधी कोणावर हात उगारला नाही. अंगारे-धुपारे करण्यात घरच्यांची दोन वर्षं गेली, डॉक्टर त्यानंतर. त्या दोन वर्षांचा राग अजून जात नाही.

शेवट सांगत नाही, तू खेळ. रात्री एकटा असताना नको, आणि मध्येच नको वाटलं तर सरळ बंद कर.

पुढच्या रविवारी आत्याकडे जातोय. गोळ्यांनी आवाज कमी झालेत, गेले नाहीत. आजवर तिला "कोणी नाही गं इथे" एवढंच म्हणत आलो. ते काय बोलतात, हे या वेळी विचारणार आहे. तू दिवाळीत येशील तेव्हा आपण दोघं जाऊ, तिला तुझी आठवण येते.

तुझा,
समीर