पिंट्या, रात्रीचं जागू नको

चि. पिंट्यास,

पोचल्याचा मेसेज सोनीला केलास, मला नाही केलास. असू दे. आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही, म्हणती पोरगं चार दिवसांसाठी आलं आणि तुम्ही त्याला दुपारी बारापर्यंत झोपतो म्हणून पाहुण्यांसमोर बोललात. आता झोपेबद्दल एक अक्षर लिहिणार नाही असं तिला कबूल करून हे टाइप करायला बसलोय.

मेस परत लावलीस का? मागं म्हणाला होतास एकच टाइम जेवतो, दुसऱ्या टाइमाला वडापाव नाहीतर चहा. उशिरा उठल्यावर सकाळची मेस बंद झालेली असणारच की. बघ, गाडी फिरून झोपेवरच आली.

परवा तुझं लास्ट सीन साडेतीनचं दिसलं. पाळत ठेवत नाही, पाणी प्यायला उठलो होतो. अभ्यास चालू होता तर व्हॉट्सॲपवर काय करत होतास हे विचारणार होतो, विचारत नाही.

तू म्हणतोस अभ्यासिकेत रात्री शांतता असते, आता राज्यसेवेचा पेपर डिस्क्रिप्टिव्ह झालाय तर लिहायची प्रॅक्टिस रात्रीच होती. मान्य. पण मी रातराणी चालवलेला माणूस आहे. पहाटे दोन ते पाच हा टाइम ड्रायव्हरचा वैरी. डोळे उघडे असतात आणि रस्ता दिसत नाही. टेंभुर्णी गेली की कंडक्टर मानेमामा केबिनमध्ये येऊन बसायचे आणि मुद्दाम भांडण उकरून काढायचे, मी जागा राहावा म्हणून. आणि नुसती डुलकीच नाही रे, त्या टाइमाला डोक्यात येतं ते पण सगळं वाईटच येतं. सोसायटीचं कर्ज, आईचं ऑपरेशन, तुमच्या फिया, आता काय आपल्याच्यानं होत नाही असं वाटायचं. मग उजाडलं, स्वारगेटला गाडी लावून चहा घेतला, दोन-तीन तास झोप काढली की कर्ज तेवढंच असायचं पण फिटंल असं वाटायचं. तू भांडणात म्हणालास ना, माझ्यात दमच नाही आप्पा, तर ते बोलणं मला दिवसाउजेडी सुचलेलं वाटलं नाही, रात्री तीनचं वाटलं. तीन वाजता स्वतःबद्दल काय पण ठरवू नको, सकाळी ठरव.

रस्ता सुरक्षा सप्ताहात डेपोत एक डॉक्टर यायचे. ते सांगायचे चहा-कॉफीतलं कॅफिन पाच-सहा तासांनी सुद्धा निम्मं अंगात असतं, म्हणजे रात्री अकराला कॉफी घेऊन तू पहाटेपर्यंतची सोय करून ठेवतोस. आणि शरीराचं घड्याळ लागतं ते सकाळच्या उजेडावर. त्या घड्याळावरच्या कामाला २०१७ चं नोबेल मिळालंय, तुझ्या करंट अफेअर्सच्या पुस्तकात असंल, पाठ पण केलं असशील. पाठ करून काय उपयोग? किती पण वाजता झोप, उठायची वेळ एकच ठेव. उठलास की पर्वती चढून ये, सदाशिव पेठेतून काय लांब नाही. कॉटवर बसून अभ्यास करू नको, मोबाईल उशाला घेऊ नको. वाचलेलं झोपेतच डोक्यात पक्कं बसतं, म्हणून जागून वाचलेलं अर्धं वाया जातं. आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घे. आपण माळकरी, घरात दूधदुभतं तरी असतं, तुला तिथं दूध पण नाही, ते कमी झालं तरी थकवा येतो, मन लागत नाही.

झालं माझं लेक्चर. माफ कर, आई म्हणती तेच खरं, बोलायला लागलो की ब्रेक लागत नाही.

तू पाच-सहा वर्षांचा असताना मी नाईट करून आलो की आई खिडकीला घोंगडी लावायची आणि तू हातात पट्टी घेऊन उंबऱ्यात बसायचास, आप्पा झोपलेत, कोणी यायचं नाही. एकदा पोस्टमनलाच हाकललास आणि आजीची मनीऑर्डर परत गेली, आजी आठवडाभर चिडली होती. तुला झोपेची किंमत तेव्हा कळत होती रे. प्रिलिम निघाली तेव्हा मी डेपोत पेढे वाटले, रिटायर माणूस असून, कँटीनवाल्याला पण दोन दिले. मेन्स नाही निघाली तर परत पेढे मागायला कोणी येत नाही.

बापूचा विषय मी काढत नाही, तुला पण माहितीये का. तो पण असाच सगळ्यांशी हसून बोलायचा आणि रात्रभर जागा असायचा. तुझं तसं काही नाही, मला माहितीये. तरी एक नंबर मी लिहून ठेवला होता, आधी चुकीचा, सोनीनं नीट करून दिला, १४४१६, टेलिमानस, मनावर ताण आला की बोलायची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. सेव्ह करून ठेव. मला फोन केलास तरी चालंल, किती पण वाजता कर, मी कुठं झोपतोय.

मेसचे आणि रक्त तपासायचे पैसे फोनपे केलेत. शेंगाचटणी आणि तूप कदमांच्या गाडीनं पाठवतोय, ती सकाळी सहाला स्वारगेटला लागती, स्वतः जाऊन घे. दुपारच्या गाडीला ओळखीचं कोणी नाही.

तुझा,
आप्पा