थंडीने निपचित पडलेल्याला चोळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिमालयातल्या ट्रेकवरच्या तुमच्या लेखात ‘थंडीने बेशुद्ध पडल्यास हातपाय जोरात चोळावेत, शेकोटीजवळ न्यावे’ असा सल्ला वाचला आणि राहवले नाही. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. २ हिवाळे ग्लेशियरवर काढले आहेत.

कुडकुडणारा माणूस वेगळा आणि कुडकुडायचा थांबलेला वेगळा. पहिल्याला कोरडे कपडे, घोंगडी, गोड चहा पुरतो. दुसऱ्याच्या शरीराचे आतले तापमान २८ अंश सेल्सिअसखाली गेलेले असू शकते. घरातला पाऱ्याचा थर्मामीटर ३५ च्या खाली दाखवतच नाही, त्यामुळे कळतही नाही. अशाचे हातपाय चोळले किंवा शेकले की तिथले गार रक्त हृदयाकडे धावते. स्ट्रेचर दाणकन ठेवले तरी ठोके बिघडतील, अशी तेव्हा हृदयाची गत असते.

त्याला ऊब आतून द्यावी लागते. चाळीसेक अंशांचे सलाइन शिरेतून, गरम दमट ऑक्सिजन मास्कमधून. ग्लेशियरवर सलाइन गोठते, म्हणून बाटल्या बनियनच्या आत पोटाशी घेऊन झोपायचो. (बायकोला अजून खोटे वाटते.) मोठ्या रुग्णालयात छातीच्या किंवा पोटाच्या पोकळीत नळीने गरम सलाइन सोडतात, काढतात, पुन्हा सोडतात. हृदयच थांबले असेल तर रक्त बाहेर काढून, यंत्रात तापवून परत देतात. नॉर्वेत १९९९ साली एक स्वीडिश डॉक्टरीण ८० मिनिटे बर्फाखालच्या पाण्यात अडकली होती. तापमान १३.७ अंश, हृदय बंद. ट्रॉम्सोच्या डॉक्टरांनी याच यंत्रावर तिला परत आणले. म्हणून गारठलेला माणूस गरम केल्याशिवाय ‘गेला’ म्हणायचे नसते.

सगळेच वाचत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनच्या हिमस्खलनातून लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत निघाले. गरम सलाइन, गरम ऑक्सिजन जागेवरच सुरू झाला होता. तरी ११ तारखेला दिल्लीत गेले. त्याच बर्फात आमच्या माण तालुक्यातला एक नर्सिंग असिस्टंटही गेला. माझ्याच कामाचा माणूस.

लेखाची दुरुस्ती ठळक छापा. आमच्या गावची सहा पोरे डिसेंबरात उत्तराखंडला निघाली आहेत आणि तुमचे ते कात्रण त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते आहे.

– एक निवृत्त नर्सिंग असिस्टंट, दहिवडी (जि. सातारा)