तीस अधिक वीस बरोबर त्रेचाळीस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पहिल्या पानावर बोगस दिव्यांगांची बातमी आणि आतल्या पानावर त्याच विषयाचा अग्रलेख, दोन्ही वाचले. त्याच दिवशी लिहायला बसले होते, पण रागात लिहिलेला कागद फाडून टाकायची माझी शाळेपासूनची सवय. मध्ये एक रात्र गेली. राग तेवढाच आहे, अक्षर तेवढं जरा बरं आलंय.

आपण लिहिता की प्रमाणपत्र देतानाची चाळण आणखी बारीक केली पाहिजे. छान. ती आत्ता किती बारीक आहे, हे बघायला आपल्यापैकी कोणी दिव्यांगांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी सकाळी सात वाजता रांगेत उभं राहिलं होतं का? मी राहिले आहे. एकदा नाही, पाच वेळा. माझ्या धाकट्या भावाबरोबर.

भाऊ 54 वर्षांचा. सातवीत असताना ज्वारी काढताना पान डोळ्याला लागलं, घरच्यांनी आधी मध घातला, मग कुणाकुणाचे अंजन, आणि दवाखान्यात नेलं तोवर डोळ्यात फूल पडलेलं. डावा डोळा तेव्हाच गेला. उजव्या हाताची दोन बोटं आणि तिसऱ्याचं एक पेर तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत गेलं. तोवर तो सालगडी होता. आता एक डोळा नसलेल्या, विळा धरता न येणाऱ्या माणसाला सालानं कोण ठेवणार? वहिनी रोजानं जाते, त्यावर घर चालतं.

तर हाडांचा दिवस बुधवार, डोळ्यांचा शुक्रवार. आमच्या गावाहून जिल्ह्याचं ठिकाण बासष्ट किलोमीटर. बुधवारी हाताचे मिळाले 20 टक्के. शुक्रवारी डोळ्याचे 30. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर तीसच देतात, तसा तक्ताच आहे, डॉक्टरांची त्यात काही चूक नाही. उलट डोळ्यांचे डॉक्टर फार चांगले बोलले. नंतर जे कार्ड आलं ते पांढरं. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, त्यावर निळं, असे रंग आहेत. कार्डावर आकडा एकच, 30. हाताचा कागद वेगळाच, हाडांच्या विभागाच्या शिक्क्याचा. तो कार्डात गेलाच नाही.

पांढऱ्या कार्डाचा उपयोग काय, असं मी खिडकीवरच्या बाबूला विचारलं. ‘ओळखपत्र म्हणून चालतं,’ म्हणाला. ओळखपत्राला भावाकडे आधार होतं की.

एसटीची गंमत ऐका. माझे दोन्ही डोळे, दोन्ही हात शाबूत, वर शिक्षकाची पेन्शन. मला महिला म्हणून 2023 पासून अर्धं तिकीट. शेजारी बसलेल्या भावाला पूर्ण, कारण दिव्यांगांची सवलत 40 टक्क्यांपासून पुढे. दिव्यांग असल्याचं सिद्ध करायला निघालेला माणूस पूर्ण पैसे भरतो आणि त्याला सोबत म्हणून आलेली बहीण निम्मे. कंडक्टर बिचारा कार्ड उलटंसुलटं करून बघत होता. ‘पिवळं असतं तर बघितलं असतं, मामा,’ एवढंच म्हणाला.

तहसीलला संजय गांधी शाखेत, म्हणजे निराधारांना नि दिव्यांगांना महिन्याचं अनुदान मिळतं त्या योजनेच्या शाखेत, अर्ज घेऊन गेलो, तर खिडकीतूनच परत. चाळीस नाहीत. मी म्हटलं, ठीक आहे, तसं लेखी द्या. ‘अर्जच घेतला नाही तर नकार कसला देणार, मॅडम?’ हे तर्कशास्त्र मी तीस वर्षं चौथीच्या मुलांकडून ऐकलं. गृहपाठ केलाच नाही, मग चुकला कसा म्हणता बाई!

तिथेच बाहेर चहाच्या टपरीवर एक कुबडीवाले गृहस्थ बसले होते. अशा प्रत्येक कार्यालयाबाहेर असा एक माणूस असतो, ज्याला आतल्या सगळ्यांपेक्षा जास्त माहिती असते. त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि म्हणाले, ‘बाई, बेरीज मागा. पण साधी बेरीज मागू नका, हसतील.’

म्हणजे काय ते घरी येऊन भाच्याच्या मोबाईलवर राजपत्र उघडून बघितलं. मार्च 2024 ची केंद्राची अधिसूचना आहे, त्याआधी जानेवारी 2018 ची होती. एकाहून जास्त प्रकारचं अपंगत्व असेल तर आकडे कसे एकत्र करायचे, त्याचं सूत्र त्यात छापलेलं आहे. मोठा आकडा तसाच ठेवायचा. नव्वदातून तो वजा करायचा, उरेल त्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदानं भागायचं आणि आलेलं उत्तर मोठ्या आकड्यात मिळवायचं. शंभर सोडून नव्वदच का, ते मला विचारू नका. आपल्याच वृत्तपत्राच्या कोऱ्या समासात करून बघितलं. नव्वदातून तीस गेले साठ. साठ गुणिले वीस, बाराशे. भागिले नव्वद, तेरा पूर्णांक तेहेतीस. अधिक तीस. त्रेचाळीस पूर्णांक तेहेतीस.

त्रेचाळीस! पिवळं कार्ड! दोनदा केलं, तिसऱ्यांदा भाच्याकडून करून घेतलं. भाऊ ओसरीवर बसून बघत होता. म्हणाला, ‘आक्का, तीस नि वीस पन्नास होत्यात ना? मग सात कुटं गेलं?’ मला हसावं की रडावं कळेना. पन्नास राहू देत, मी म्हटलं, त्रेचाळीस तरी पदरात पडू दे.

पुढच्या बुधवारी ते उदाहरण सुवाच्य अक्षरात लिहून बोर्डाकडे नेलं. खिडकीवर उत्तर मिळालं की एकत्र करायचं असेल तर नव्यानं अर्ज करा. नव्यानं अर्ज करायला गेलो तर संगणक म्हणाला, या आधार क्रमांकावर अर्ज आधीच आहे. परत खिडकीवर. ‘मग अपील करा.’ कोणाकडे? ‘ते वर विचारा.’ वर म्हणजे दुसरा मजला. लिफ्टवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला, आणि तो कागदही पिवळा पडलेला. ज्या इमारतीत जिल्ह्यातले सगळे लंगडे-पांगळे दर आठवड्याला येतात तिथली लिफ्ट. असो, तो विषय वेगळा आहे, त्यावर स्वतंत्र पत्र लिहीन.

अपिलाचा हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमातच आहे, कलम 59. मुदत 90 दिवस, निर्णयाच्या तारखेपासून. इथे माझ्या छातीत धस्स झालं. कार्डावरची तारीख 18 सप्टेंबर. पोस्टानं ते आमच्या हातात पडलं 2 डिसेंबरला. म्हणजे पंच्याहत्तर दिवस ते कुठल्या तरी पिशवीत मजेत पडून होतं. कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर अपील हा शब्दसुद्धा नाही. वीजबिलाच्या मागे तक्रार कुठे करायची ते छापतात, इथे तेवढंही नाही. उरलेल्या पंधरा दिवसांतले नऊ वर लिहिलेल्या चकरांमध्ये गेले. 11 डिसेंबरला साध्या कागदावर अपील लिहिलं, दोन्ही प्रमाणपत्रं जोडली, राजपत्राचं ते पान जोडलं, आणि खाली गणित पायऱ्या दाखवून सोडवलं. आवक शिक्का मारून द्यायला तयार नव्हते. ‘ठेवून जा, साहेबांना देतो.’ मी तिथल्या बाकावर डबा उघडून बसले. साडेतीन वाजता शिक्का मिळाला.

अपिलाचा निकाल साठ दिवसांत द्यायचा असतो. फेब्रुवारीतच ते दिवस संपले. मार्चमध्ये मी पाचव्यांदा गेले तेव्हा मला काय सांगितलं ते नीट वाचा, कारण हे पत्र त्यासाठीच लिहितेय. ‘मॅडम, सध्या सगळा स्टाफ जुन्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीला लावलाय. वरून आदेश आहेत. बोगस शोधायचेत ना! पेपरात बघताय ना किती येतंय ते.’

तर पेपरात किती येतंय ते मी बघतेय, महाशय. खोटी प्रमाणपत्रं दाखवून नोकऱ्या आणि बदल्या लाटणाऱ्यांचा मला पुळका नाही. आमच्याच जिल्हा परिषदेत बदल्यांच्या हंगामात कुणाकुणाचे कान अचानक कसे बहिरे व्हायचे ते मी डोळ्यांनी पाहिलंय. 2024 मध्ये त्या प्रशिक्षणार्थी अधिकारी बाईंचं प्रकरण गाजलं, तेव्हापासून तर पांढरी काठी घेतलेला माणूस दिसला तरी लोक आधी त्याच्या चपलेकडे बघतात. पण आपली बातमी अशी होती की जणू राज्यात दिव्यांगांचा एकच प्रश्न उरलाय, तो म्हणजे नको तेवढे आत शिरलेत. खिडकीवरूनच परत गेलेल्यांचा आकडा आपल्या वार्ताहरानं मागितला होता का? तो कुठेच नसणार. अर्जच घेतला नाही तर नकार कसला!

आणि ही रक्कम तरी किती? ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगांना संजय गांधी योजनेत महिना अडीच हजार झाले, त्याआधी दीडच हजार होते. वाढ झाली तेव्हा आपण मोठा मथळा दिला होता. लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि बोर्ड नाही, बुधवार नाही, शुक्रवार नाही. बहिणींचा मला राग नाही, मीही बहीणच आहे. फक्त भावाचं काय, एवढंच विचारतेय.

आता आपल्याविषयी थोडं. ती वाढ झाली त्या दिवशीच्या बातमीसोबत आपण एक चौकट छापली होती, कोण पात्र, कागदपत्रं कोणती वगैरे. त्यात सरसकट लिहिलं की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत हवं. दिव्यांगांना ही मर्यादा 50 हजार आहे. 21 हजार बाकीच्यांसाठी. (महिन्याला साडेसतराशे रुपयांत कुटुंब कसं जगतं, तेही कधी तरी चौकटीत छापा.) आमच्याकडच्या तलाठ्यानं तीच चौकट कापून काचेखाली ठेवलीय. भावाच्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो, तर अठ्ठेचाळीस हजार ऐकून त्यानं बोट काचेवर आपटलं. ‘बसत नाही तुम्ही यात, पेपरात आलंय.’ मी आपल्याला तेव्हा पत्र लिहून चूक दाखवली होती. पोचही आली नाही, दुरुस्तीही आली नाही. शब्दकोड्याचा एक क्लू चुकला तर आपण दुसऱ्या दिवशी दिलगिरी छापता.

त्रेचाळीस टक्के मिळतील की नाही, मला ठाऊक नाही. मिळाले तरी तहसीलची खिडकी पुन्हा आहेच, आणि तिथून पुढे समितीची बैठक कधी होईल तेव्हा. भाऊ आता यायला कंटाळतो. गेल्या वेळी म्हणाला, ‘आणखी एक बोट गेलं असतं तर बरं झालं असतं का गं?’ मी त्याला ओरडले. नंतर घरी येऊन वहीवर ते गणितही करून बघितलं, हे त्याला सांगितलेलं नाही.

माझी मागणी लहान आहे. अग्रलेख मागे घ्या असं म्हणत नाही. ती 50 हजारांची दुरुस्ती छापा, पहिल्या पानावर नको, चौकट जिथे होती तिथेच आणि तेवढ्याच आकाराची. त्या दिवशी मी दोन अंक जास्तीचे घेईन. एक तलाठ्याच्या काचेखाली घालायचाय.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
(नाव, गाव आणि फोन सोबतच्या चिठ्ठीत आहे. छापू नये, अपील अजून टेबलावर आहे.)