तलाव खोल करा, पण त्याची कड कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आमच्या भागातल्या तलावांवर गाळ काढायला पुन्हा जेसीबी उतरतील. त्याआधी हे छापून यावे म्हणून घाईने लिहिते आहे. मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली ढिवर बाई. तीस वर्षे झाली, आठवडी बाजारात मासे विकते. आमचा तलाव लहानच आहे. पाळीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जायला दहा मिनिटेही लागत नाहीत. पण गावाचे धान, गुरांचे पाणी आणि आम्हा ढिवरांची चूल, सगळे त्याच्यावर.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांवर मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. त्यातले पुष्कळसे कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी बांधले. नवेगावबांधचा तलाव तर सगळ्यांना ठाऊक आहे, तो कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. उताराला आडवी मातीची पाळ, शेताला पाणी सोडायला तुडुम आणि जास्तीचे पाणी निघून जायला सलंग, एवढ्यावर हे तलाव पिढ्यान् पिढ्या उभे आहेत. १९५१ साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दरवर्षीची डागडुजी मागे पडली. गाळ साचला, काठाने बेशरम नावाची झुडपे माजली. म्हणून गाळ काढायला माझा विरोध नाही. काढलाच पाहिजे. माझे म्हणणे तो कसा काढतात याबद्दल आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तलावात काम झाले. पहिले चार-पाच दिवस सगळे खूश होते. काळा गाळ ट्रॅक्टरने धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे शेतांत गेला, शेतकऱ्यांचे भले झाले. पण गाळ संपल्यावरही मशीन थांबले नाही. खालची चिकणमाती गेली, मग मुरूम निघाला, तोही गेला. सगळ्या बाजूंनी उभ्या भिंतीसारखी कड कापली. पाळीच्या आतल्या पायथ्यालाही बकेट लागली. आम्ही बायका जाऊन उभ्या राहिलो, तेव्हा ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बाई, तलाव खोल झाला तर मासे जास्तच होतील."

हेच मला समजावून सांगायचे आहे. मासे नुसत्या खोल पाण्यात होत नाहीत, ते उथळ कडेला होतात. आषाढात आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात, गाद आणि देवधान या पाणवनस्पतींच्या दाटीत मरळ जागा साफ करते आणि अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्ले निघाली की लालसर झुबका करून फिरतात, सगळी एकदम वर येतात, हवा घेतात, एकदम खाली जातात. दुरून पाहिले तर पाण्यावर कुंकू सांडल्यासारखे दिसते. खाली आईबाप राखण करत असतात. त्या झुबक्याजवळ कोणी जाळे टाकू नये, हे आमच्यात लहान पोरालाही शिकवतात. गेल्या आषाढात मी रोज सकाळी पाळीवर गेले. एकही झुबका दिसला नाही.

रोहू, कटला, मृगल यांचे तसे नाही. ते वाहत्या पाण्यातले मासे, साचलेल्या तलावात अंडी घालत नाहीत. १९५७ साली आपल्या देशात त्यांना इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याची रीत निघाली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, आणून तलावात सोडता येऊ लागली. त्यांच्यावर आमचेही पोट चालते, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण ते बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. मरळ, शिंगूर आणि कडेच्या गवतातली बारीक मासळी यांना बीज लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त उथळ कड आणि तिच्यातली वनस्पती लागते. बाजारात मरळीला रोहूपेक्षा जास्त भाव मिळतो, आणि ज्या घरात पैसा नसतो तिथे ही बारीक मासळीच कालवणाला असते.

पाखरांचेही तसेच. कमळपक्षी पानावरून चालतो, पान नाही तर तो कुठे चालणार? हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, लालसरी येतात, ती अशाच गवताळ पाण्यात चरतात. आमच्या जिल्ह्याची ओळख असलेला सारस पाणथळीतले कंद उकरून खातो आणि धानाच्या बांधीत घरटे करतो. दोन वर्षांपूर्वी एक जोडी आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला महिनाभर होती. ह्या वर्षी अडया, म्हणजे शीळ घालणारी बदके, आल्या, एक चक्कर मारली आणि निघून गेल्या. शेजारच्यांचे वासरू उभ्या कडेवरून घसरून बुडाले, ते वेगळेच.

आता पाळीचे सांगते, कारण त्यात गावाचा जीव आहे. माझे बाबा तुडुमावर पाणी सोडायचे काम करत. ते म्हणायचे, "पाळ झिरपली म्हणून भिऊ नको. पाणी साफ येते तोवर ठीक आहे. गढूळ आलं की समज, पाळ आतून पोकळ होऊन राहिली." भादव्यात एका रात्री पाळीच्या बाहेरच्या पायथ्याशी बोटभर धार लागली, आणि धार गढूळ होती. पाय ठेवला तर माती दलदलीसारखी खाली जात होती. काही पोरे चिखल आणून तोंड बुजवायला निघाली. मी त्यांना अडवले, कारण तोंड बुजवले की पाणी दुसरीकडून फोडून निघते. आधी रेती टाकली, तिच्यावर बारीक गिट्टी, मग मोठे दगड. पाणी जाऊ द्यायचे, माती जाऊ द्यायची नाही. पहाटेपर्यंत कंदिलाच्या आणि मोबाईलच्या उजेडात घमेली फिरली. सकाळी धार साफ झाली तेव्हा मी पाळीवरच बसून रडले. सलंगाचा एक भाग उतरवून पाणी कमी केले, म्हणून पाळ वाचली.

चिपळूणजवळचे तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसहून जास्त माणसे गेली. तेही मातीचेच धरण होते. आमची पाळ त्याच्यापुढे लहान आहे, पण तिच्याखाली तीस घरे आहेत. आतल्या पायथ्याची चिकणमातीच पाण्याला अडवते. ती खरवडून मुरूम उघडा पाडला की पाणी वाट शोधते, याला मोठे शिक्षण लागत नाही.

म्हणून कामाचा कागद तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे. खोदायचे तर मध्ये खोदा, जिथे आधीच डोह आहे. उन्हाळ्यात मासे तिथेच जीव धरतात, तो अजून खोल झाला तर आम्हाला हवेच आहे. वरच्या अंगाचा उथळ उतार तसाच राहू द्या, तिथली गाद, परसूड, कमळ उपटू नका. बेशरम मात्र मुळासकट काढा, नुसती कापली तर पावसात दुप्पट येते. मुरूम लागला की थांबा. पाळीपासून अंतर ठेवा. पाळीवर खेकड्यांची आणि उंदरांची बिळे कुठे आहेत, ते पाहायला ढिवर आणि शेतकरी दोघांना बरोबर घ्या. आमचे आपसांतही भांडण असते, कार्तिकात धानाला शेवटचे पाणी किती सोडायचे यावरून. ते आम्ही ग्रामसभेत मिटवू. पण खोदकामाचा नकाशा ग्रामसभेत एकदा भिंतीवर लावा, एवढे तरी करा.

आम्ही बायकांनी ह्या महिन्यात शेजारच्या गावच्या तलावातून गाद आणि परसूड आणून कापलेल्या कडेला लावले आहे. जिथे माती ढासळून थोडा उतार झाला तिथे ते धरले आहे. पाळीच्या आत तीस पावलांवर बांबूच्या खुंट्या ठोकल्या आहेत आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या आहेत. मशीन घेऊन जो कोणी येईल त्याने त्या खुंट्या ओलांडण्याआधी आमच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, येऊन विचारावे. आम्ही दिवसभर तलावावरच असतो.

आपली नम्र,
एक ढिवर वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया